वाढवणारा देव आहे, म्हणून तुम्ही झोपलात?

बसा सगळे. मागच्या बाकावरचे पुढं या. आज गाणी नाहीत, खेळ नाहीत. जे सांगणार आहे ते गोड नाही, आणि ऐकताना एकमेकांकडे बघून हसायचं नाही.

परवाच्या रविवारी हंगामाच्या उपकारस्तुतीला तुम्ही वेदीपुढं टोपल्या मांडल्यात. वांगी, भेंडी, गवार, शेपूच्या जुड्या. मग एकेकानं उभं राहून साक्ष दिली. बागेनं मला धीर शिकवला, असं एक म्हणाला. बागेनं मला प्रभूवर विसंबायला शिकवलं, असं दुसरी म्हणाली. तिसऱ्यानं पौलाचा आधार घेतला आणि सांगितलं, की आम्ही कोण, वाढवणारा तर देव आहे. मंडळी खूश झाली. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. उपासना सुटल्यावर मी पाळकनिवासामागं परसात गेले. तिथं जे दिसलं ते मी मंडळीत बोलले नाही, पण तुमच्या तोंडावर बोलणार आहे.

वांग्याच्या वाफ्यात धड झाड शोधावं लागत होतं. कोवळ्या शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. एक शेंडा मोडला आणि नखानं उभा चिरला, तर आत गुलाबीसर अळी. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. आधी शेंड्यात शिरते, मग फळात, आणि फळावर दिसतं ते फक्त एक बारीक छिद्र. शेंडा सुकलेला दिसला, की छिद्राच्या खालून कापायचा आणि जाळायचा नाहीतर खोल पुरायचा, हे मी तुम्हाला रोपं लावतानाच सांगितलं होतं. कोणीतरी शेंडे खुडलेही होते. पण टाकले कुठं? त्याच झाडाच्या बुडाशी. खुडलेल्या शेंड्यातली अळी तिथंच मरून जात नाही. ती बाहेर पडते, पाल्यापाचोळ्यात कोष करते, तिचा पतंग होतो आणि तो परत त्याच वांग्यांवर अंडी घालतो. मी विचारलं, तर उत्तर आलं, "बाई, आम्ही त्यासाठी प्रार्थना केली होती."

प्रार्थना केलीत हे चांगलंच केलंत. प्रार्थनेला या वर्गात कोणी कमी लेखणार नाही. पण जे काम देवानं तुमच्या दोन हातांना नेमून दिलंय, ते प्रार्थनेत गुंडाळून त्याच्याकडे परत पाठवायचं नसतं. आणि जरा आत डोकावून बघा. प्रभुभोजनाच्या आधी तुम्ही पाप कबूल करता, तेसुद्धा असंच करता. खुडता, आणि बुडाशीच टाकता. खोटं बोललो म्हणून रडता, पण ज्याच्याशी खोटं बोललात त्याच्या घरी जात नाही. पैसे उचलले, चुकलं म्हणता, पण ते परत देत नाही. जक्कयानं काय केलं? फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला, आणि मग प्रभूनं त्याच्या घराला तारण झाल्याचं सांगितलं. बुडाशी टाकलेली कबुली महिन्याभरात पुन्हा शेंड्यावर चढते. तुमच्यापैकी काहींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून तुम्ही आत्ता खाली बघताय.

आता त्या पौलाच्या वचनाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय. करिंथच्या मंडळीत तट पडले होते. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असं म्हणत माणसं एकमेकांवर चढत होती. त्यांची घमेंड उतरवायला पौलानं लिहिलं, की एकानं लावलं, दुसऱ्यानं पाणी घातलं, वाढ मात्र देवाची. ते आळशांना पांघरूण म्हणून लिहिलेलं नाही. त्याच अध्यायात पुढच्याच ओळींत आहे, की ज्याचे जसे श्रम तशी त्याची मजुरी. आणि लिहिणारा कोण? करिंथमध्ये दीड वर्ष राहून तंबू शिवून पोट भरणारा माणूस. लावणं झालं, पाणी घालणं झालं, त्यानंतर त्यानं वाढीचं श्रेय देवाला दिलं. तुम्ही पाणी घातलंत का? गवारीचा वाफा भेगाळलाय. आपली काळी जमीन एकदा उलली, की वरून ओतलेलं पाणी भेगेतून खाली जातं आणि मुळाला काही मिळत नाही. दुसऱ्या टोकाला पाइप उघडा टाकून तुम्ही क्रिकेट खेळायला गेलात, तिथं मिरचीच्या मुळाशी पाणी तुंबून झाडं पिवळी पडलीत. वाढवणारा देव आहे, हे अगदी खरं. म्हणूनच जे वाढलं नाही त्यात कसूर कोणाची, ते उघड आहे.

मार्काच्या चौथ्या अध्यायातला दाखला कोणीतरी पुढं करणार, म्हणून मीच सांगते. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याचं त्याला कळत नाही. वाचलंय ना? मग नीट वाचा. तो बी टाकून झोपला, टाकायच्या आधी नाही. रात्री झोपला, दुपारी नाही. आणि दाखल्याच्या शेवटी पीक तयार होताच तो लगेच विळा घालतो. लगेच. त्या दाखल्यातली शांत झोप ही दिवसभर राबलेल्याची झोप आहे.

श्रम म्हणजे शाप, हेही कोणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय. उत्पत्तीचा दुसरा अध्याय उघडा. देवानं माणसाला एदेनात ठेवलं ते बागेची मशागत आणि राखण करायला. तेव्हा पाप नव्हतं, शाप नव्हता. काटेकुसळं आली ती तिसऱ्या अध्यायात. म्हणजे खुरपं पापाच्या आधीचं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, तिथं दुष्काळातून वाचवलेल्या मुली शेतात राबायच्या, आणि त्याच आवारात बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. हे काम वरचं आणि ते खालचं, अशी वाटणी त्यांनी केली नाही. तुम्हाला मात्र खुरपणीच्या दिवशी क्लास असतो आणि साक्षीच्या दिवशी सवड असते.

लव्हाळ्याबद्दल विचारलं, तर तुमच्यातल्या हुशार मुलानं मला गव्हातल्या निदणाचा दाखला ऐकवला. कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या, असं प्रभूनंच सांगितलंय म्हणे. अरे, त्याच अध्यायात प्रभूनं त्या दाखल्याचा अर्थही फोडून सांगितलाय. ते शेत म्हणजे जग. कोण देवाचा आणि कोण सैतानाचा हे तुम्ही ठरवून माणसं उपटत बसू नका, असा तो हुकूम आहे. स्वतःच्या मनातलं आणि मेथीच्या वाफ्यातलं तण राखायची ती परवानगी नाही. दुसऱ्यांचं निदण तुम्हाला लगेच दिसतं. कोण उशिरा आलं, कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाची मुलगी कोणाबरोबर बोलते. तिथं तुम्हाला कापणीपर्यंत थांबवत नाही. आणि लव्हाळा वरून ओढून काढायचा नसतो, हेही शिका. पात हातात येते, गाठ जमिनीत राहते, आणि एका गाठीपासून पुढच्या गाठीची माळ पसरलेली असते. खुरप्यानं खणून गाठीसकट काढायचा. गुडघे मातीत टेकल्याशिवाय ते होत नाही.

जुलैच्या त्या एका मोठ्या पावसात मेथीचा अर्धा वाफा वाहून गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, की कदाचित देवाची इच्छा नसेल. इतक्या लवकर देवाच्या नावावर ढकललंत? विल्यम कॅरीचं नाव तुम्ही स्पर्धेच्या प्रश्नोत्तरांत पाठ केलंय. चांभारकाम करणारा माणूस, १७९३ मध्ये बंगालला आला. पुढं तिथल्या श्रीरामपूरला राहिला, आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे. त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. तुमच्या आजी-आजोबांच्या हातात शुभवर्तमान मराठीत आलं, त्याची सुरुवात त्या छापखान्यातली. हाच माणूस झाडांवर जीव टाकणारा होता. त्यानं आपली बाग वर्षानुवर्षं जोपासली होती, १८२० मध्ये शेती आणि बागायतीची संस्था काढली होती. १८२३ च्या पुरानं ती बाग पार धुऊन नेली. तो तेव्हा साठी ओलांडलेला होता, दुखण्यानं खिळलेला होता. त्यानं बाग परत लावली. आणि तुमच्या अर्ध्या वाफ्याला लागणारं मेथीचं बी आठवडी बाजारात चहाच्या पैशात मिळतं, मेथी महिन्याभरात काढणीला येते. पुन्हा पेरली असती तर वेदीपुढं तीही दिसली असती.

वेदीवर आलेच आहे, तर भेंडीचं सांगते. भेंडी दिवसाआड तोडायची असते. राहिली तर जून होते, आत बी भरतं आणि झाड नवीन फूल धरायचं कमी करतं. तुम्ही ती आठवडाभर तोडली नाहीत. का? उपासनेत मोठी दिसावी म्हणून. फोटोत चांगली आली. रविवारी दुपारी ती दोरखंडासारखी भेंडी तुम्ही मिशन कंपाउंडच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या मावशींना नेऊन दिलीत. त्या मावशींना दात नाहीत. कोवळी वांगी शनिवारीच तुमच्या घरच्या डब्यात गेली होती.

इथं मला खरंच वाईट वाटलं. मलाखीच्या पुस्तकात लोक लंगडी, आजारी जनावरं अर्पण म्हणून आणत होते, आणि देवानं विचारलं, तुमच्या सुभेदाराला हे देऊन बघा, तो खूश होईल का? परूश्यांना प्रभू काय म्हणाला, ते आठवा. पुदिना, शेप, जिरं, यांचा दशांश मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता. तुम्ही शेपूच्या जुड्यांचा दशांश काढलात, वहीत लिहिलात. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र देवानं कडेचं पीक कापू नका म्हटलंय, पडलेलं वेचू नका म्हटलंय, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं आहे म्हटलंय. ते शेतकऱ्याचं दान नाही, गरिबाचा हक्क आहे. बवाजानं तो हक्क राखला म्हणून रूथ त्याच्या शेतात सरवा वेचू शकली, आणि त्याच रूथचं नाव मत्तयाच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या वंशावळीत आहे. धीर शिकलो म्हणता, मावशींचा वाटा कोणता हे शिकला नाहीत.

शेवटचं म्हणजे कुंपण. पूर्वेकडच्या काठ्या हातभर पलीकडे गेल्यात. शेजारचे काका भांडणारे नाहीत, मंडळीचेही नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येणार नाही असं तुम्हाला वाटलं. भोपळ्याचा वेल पसरायला जागा हवी होती, असं कारण मिळालं. अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा कशासाठी हवा होता? भाजीची बाग करायला. वाड्याला लागून होता, सोयीचा होता. नाबोथानं वाडवडिलांची जमीन दिली नाही, तेव्हा खोटे साक्षीदार उभे करून त्याला धोंडमार केला, आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा एलीया तिथं उभा होता. तुम्ही कोणाचा जीव घेतला नाहीत हे मला कळतं. पण सुरुवात हातभरापासूनच होते, आणि भाजी देवळाची आहे म्हणून जमीन तुमची होत नाही.

हे सगळं मी का बोलते, ते विचारू नका. तुमच्यातल्या काहींच्या आयांनाही मी याच वर्गात शिकवलंय. बाहेरच्या माणसानं तुमच्यावर बोट ठेवायच्या आधी मी ठेवते.

लूकाच्या तेराव्या अध्यायात तीन वर्षं फळ न दिलेल्या अंजिरासाठी माळी मालकाकडे एक वर्ष मागून घेतो. नुसतं मागत नाही, भोवती खणतो आणि खत घालतो म्हणून सांगतो. पाळकसाहेब परस भाड्यानं द्यायचं म्हणत होते. मी त्यांच्याकडून उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे, आणि तुमच्या वतीनं शब्द दिलाय.

उद्या सकाळी सातच्या आत सगळे परसात. खुरपी घरून आणा. मुली वांग्याचे शेंडे कापतील, मुलं खड्डा खणतील, नंतर अदलाबदल. खत आणाल ते मुरलेलं शेणखत, कच्चं नाही, कच्च्यातून हुमणी येते. पाइपची जबाबदारी कोणाकडे, ते नावानिशी लिहून दारावर लावा. भेंडीची जून झालेली बोंडं बियाण्याला ठेवा, कोवळी दिवसाआड तोडा, आणि पहिली तोड मावशींची. टोक मोडून बघायचं, कट्कन मोडलं तरच द्यायची.

आणि कुंपण काढून आधीच्या जागी लावण्याआधी दोघं जण काकांकडे जाल. कोण, ते मी नाव घेऊन सांगणार नाही, ज्यांनी काठ्या हलवल्या त्यांना माहीत आहे. पाऊस होता, वेल होता, असलं काही सांगायचं नाही. चूक झाली एवढंच म्हणायचं. काका जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही.