मर्लिन इंजिन खोकतं तेव्हा

समोरचं मेसरश्मिट 109 नाक खाली करून सूर मारतं. त्याच्या मागे जायला खेळणारा जॉयस्टिक पुढे ढकलतो, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या स्पिटफायरचं इंजिन खोकतं. दोन-तीन सेकंदांत शिकार निसटते.

‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ या 2011 च्या सिम्युलेटरमध्ये हे घडतं, कारण 1940 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात ते खरोखर घडत होतं. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला साधा कार्ब्युरेटर होता. विमान झटक्यात खाली वळलं की त्यातलं पेट्रोल वर उसळे आणि इंजिन गुदमरे. जर्मन मेसरश्मिटच्या डीबी 601 इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्याला ही अडचण नव्हती. म्हणून ब्रिटिश वैमानिक आधी विमान उताणं करत आणि मग सूर मारत. 1941 मध्ये बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत भोकाची एक छोटीशी चकती बसवली आणि हा दोष बराचसा आटोक्यात आणला.

पुस्तकात ही माहिती दोन ओळींत संपते. सिम्युलेटरवर ती हाताला कळते, आणि हाताला कळलेलं सहसा विसरलं जात नाही.

जुन्या हवाई युद्धाच्या खेळांवर आजही लोकांचा जीव आहे तो यासाठी. लॉरेन्स हॉलंड यांचा ‘देअर फायनेस्ट अवर’ 1989 मध्ये आला. त्यातली विमानं ढोबळ, समुद्र म्हणजे सपाट निळा रंग. पण खोक्यात इतिहासाची जाडजूड पुस्तिका असे आणि दोन्ही बाजूंनी उडता येई. जर्मन बाजूने उडताना लंडनवर पोहोचताच पेट्रोलचा काटा धडधड वाढवी, कारण 109 मध्ये तिथे लढायला जेमतेम दहा मिनिटांचं पेट्रोल उरे. बॉम्बर्सना वाऱ्यावर सोडून लढाऊ विमानं माघारी का फिरत, हे ज्याने तो काटा उतरताना पाहिला त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नसे. पुढे 2001 च्या ‘आयएल-2 स्टुर्मोविक’ने अनेकांना पहिल्यांदाच पूर्व आघाडीवर नेलं. ज्या आयएल-2 विमानाचे 36 हजारांहून जास्त नग तयार झाले, ते पाश्चात्त्य खेळांच्या पडद्यावर तोवर फारसं आलंच नव्हतं.

मात्र या खेळांनी एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली: जळणं.

स्पिटफायरची पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात होती. ती पेटली की ज्वाळा थेट हातांवर आणि चेहऱ्यावर येत. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलात सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी अशा तरुणांच्या पापण्या, नाकं, बोटं पुन्हा घडवली. एकेकावर कित्येक शस्त्रक्रिया होत. या रुग्णांनी 1941 मध्ये स्वतःचा ‘गिनी पिग क्लब’ काढला. युद्ध संपेपर्यंत त्याचे सहाशेहून अधिक सभासद झाले. पडद्यावर मात्र विमान पेटलं की एक कळ दाबायची आणि नवी मोहीम सुरू. 1940 च्या त्या ब्रिटनच्या लढाईत रॉयल एअर फोर्सच्या बाजूने पाचशेहून अधिक वैमानिक आणि कर्मचारी कामी आले. त्यांतले बरेच विशीतले होते.

हा दोष खेळणाऱ्यांचा नाही. इंजिनाचं गुदमरणं गणितात बसवता येतं, भाजलेल्या हातांचं दुःख बसवता येत नाही. पण पुस्तिकेत लिहिता येतं. जुने खेळ आज नव्या रूपात पुन्हा बाजारात आणणाऱ्यांनी नकाशे आणि विमानांचे तक्ते जरूर द्यावेत, आणि त्यांच्याच शेजारी मॅकिंडो यांच्या वॉर्डालाही चार पानं द्यावीत.