वाचलेले पैसे कुणाचे?

परदेशात जाऊन आलेला माणूस पूर्वी तिथल्या बर्फाचं आणि स्वच्छ रस्त्यांचं वर्णन करीत असे. आपण दोनदा ‘हो का?’ म्हणायचं, चहा संपवायचा आणि उठायचं. हल्ली तो वर्णन करीत नाही. तिथं किती पैसे वाचवले त्याचा हिशेब सांगतो, आणि हिशेब अर्धवट टाकून उठणं बरं दिसत नाही. आमचे अकोल्याचे साडू अमेरिकेहून परतले तेव्हा मी अमरावतीहून मुद्दाम भेटायला गेलो. सॅन फ्रान्सिस्को कसं आहे, असं विचारलं. ते म्हणाले, “विमानतळावर गाडी भाड्यानं घेऊ नका.”

एवढंच त्यांचं सॅन फ्रान्सिस्को.

मुलगी-जावयाबरोबर तिथून लास वेगासपर्यंत त्यांनी आठवडाभर भाड्याची गाडी फिरवली. तिकडे गाडी करायची म्हणजे नुसती गाडी. ड्रायव्हर येत नाही. चावी घ्यायची, आपणच हाकायची आणि परत नेऊन द्यायची. या धंद्याला शंभर वर्षं होऊन गेली. 1918 साली शिकागोत वॉल्टर जेकब्ज नावाच्या तरुणानं डझनभर फोर्ड गाड्या घेऊन तो मांडला आणि 1923 साली जॉन हर्ट्झ या गृहस्थाला विकून टाकला. साडूंच्या मते एवढ्या वर्षांत गाडीचं भाडं हा त्या बिलातला सर्वांत निरागस आकडा होऊन बसला आहे. खरा मामला त्याच्या खालच्या ओळींत असतो.

विमानतळावरच्या खिडकीवर गाडी घेतली की विमानतळाची म्हणून एक पट्टी वर लागते. तेव्हा साडूंनी चार बॅगांसकट सर्वांना लोकलमध्ये घातलं आणि शहरातल्या शाखेत नेलं. वाचले साठ डॉलर. धरली मेहुणीची कंबर. (हा दुसरा आकडा स्वयंपाकघरातून आला.) गाडी जावयानंच चालवली, आणि साडूंनी परिवहन कार्यालयात हजार रुपये भरून काढलेला, वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना खिशातून बाहेर आलाच नाही. तो आता काचेच्या कपाटात कपबशांशेजारी उभा आहे. गाडीला खरचटलं तर आमच्या डोक्याला ताप नको, या बोलीचे तिथली मुलगी गोड हसून रोजचे तीस डॉलर मागत होती. पण जावयाच्या क्रेडिट कार्डातच ते संरक्षण आहे, हे साडूंनी घर सोडण्यापूर्वी भिंगाखाली वाचून ठेवलं होतं. रस्ता दाखवणारं यंत्र, पंधरा डॉलर: नको, फोनमध्ये आहे. बाळाची खुर्ची, चौदा डॉलर: नको, बाळ नाही. पेट्रोल टाकी भरून घेतली, परत करण्याआधी बाहेरच्या पंपावर काठोकाठ भरून दिली.

पण खरा विजय गोल्डन गेटचा. त्या पुलावर टोल फक्त शहराकडे येणाऱ्यांना पडतो. 2013 सालापासून तिथं रोख घेणारा माणूस नाही. गाडीच्या नंबरावरून आकारणी होते, आणि ती भाड्याच्या कंपनीमार्फत आली की वर कंपनीची दस्तुरी. साडूंनी शहरातून बाहेर पडताना पूल ओलांडला, पलीकडे उतरून फोटो काढला आणि मागे न वळता रिचमंडच्या पुलावरून पूर्वेला निघून गेले. कारण तिथला टोल पश्चिमेकडे जाणाऱ्यांना आहे. दोन पूल, टोल शून्य. 1803 साली गाविलगड घेतल्यावर वेलस्लीच्या चेहऱ्यावर जेवढं तेज असेल, तेवढं हे सांगताना साडूंच्या चेहऱ्यावर होतं.

आता यात पाप कुठे आहे? मला तरी दिसत नाही. माणूस बारीक टाइप वाचणार नाही या भरवशावर कंपनीनं तो छापलेला. वाचणं हा काही गुन्हा नव्हे. आणि टाकी भरून परत करायची हा नियम तर आम्हांला अमेरिकेनं शिकवायला नको. माझ्या आजोळी शेजारची दमणी मागून नेली, तर बैल पोटभर चारून, पाणी पाजूनच गोठ्यात बांधायचे, अशी रीत होती. भाडं नव्हतं, पण टाकी भरलेली असायची.

कोडं पडतं ते घराजवळ. हेच साडू अमेरिकेला निघाले तेव्हा अकोल्याहून नागपूरच्या विमानतळापर्यंत गाडी करायची होती. अडीचशे किलोमीटर. गाडीवाल्यानं जाऊन-येऊन भाडं सांगितलं. साडू म्हणाले, आम्ही येणारच नाही तर येण्याचे पैसे कशाचे? तो म्हणाला, “भाऊ, जातानी पार्टी भेटते, येतानी कोन भेटते मले? गाडी का नागपूरलेच सोडून येऊ?” याच रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना या भागात एका लेनचा पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत डांबरून गिनेस बुकात नाव घातलं गेलं. साडूंची घासाघीस त्यापेक्षा थोडीच कमी चालली. अखेर चौदाशे रुपये उतरले. आणि लास वेगासला? गाडी घेतली तिथं न सोडता दुसऱ्या गावी सोडली, म्हणून कंपनीनं त्याचा वेगळा आकार लावला. म्हणजे अक्षरशः येतानाचं भाडं! तो साडूंनी मुकाट्यानं भरला. का? तर तो छापील होता. ‘गाडी का इथंच सोडून येऊ’ असं संगणक विचारीत नाही, आणि त्याला ‘जाऊ द्या हो, शेवटचं बोला’ असं म्हणताही येत नाही.

यावर कुणी म्हणेल, जो माणूस समोर उभा असतो त्याच्याशीच भाव होतो. त्यात नवल काय? नवल एवढंच, की समोर माणूस असल्यामुळे आपल्याला जास्त संकोच वाटायला हवा, तर कमी वाटतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोन्ही घरं मिळून चिखलदऱ्याला गेलो. दोन मुक्काम. दर ठरवताना साडूंनी मालकाला रात्रीच्या भत्त्यावर आणलं: तीनशे रुपये कशाला, पोरगा जेवणार आपल्याबरोबरच. मालकानं दोनशे केले. मालकाचं काय गेलं? भत्ता ड्रायव्हरचा, मालकानं तो त्याच्याच पगारातून उतरवला म्हणायचा. रात्री देवी पॉइंटवरून परतलो तेव्हा थंडीनं आमच्या पाठी काकडत होत्या. मी त्या पोराला विचारलं, झोपतोस कुठे? तो म्हणाला, “गाडीतच. गाडी कोन पाहीन? काच फुटली, स्टेपनी गेली त मालक माह्या पगारातून कापते.”

मी खोलीवर गेलो, पण मला झोप लागेना. अमेरिकेतली ती गोड हसणारी मुलगी रोजचे तीस डॉलर ज्याचे मागत होती, ते हेच होतं. काच, टायर, खरचटणं. आमच्याकडे तो विमा घोंगडी पांघरून मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता, आणि त्यातले आम्ही शंभर रुपये कापले होते. बरं, तो नुसता विमा नव्हता. परतवाड्याच्या पुढच्या घाटात कुठे धुकं लागतं ते फोनपेक्षा त्याला नीट ठाऊक. बॅगा वर तोच चढवी. भीमकुंडाशी आम्ही दऱ्या बघत असताना मेहुणीचं गुडघ्याचं मलम आणायला तोच बाजारात गेला.

साडूंपाशी मी हे काढलं. ते काही दुष्ट गृहस्थ नाहीत. गावातल्या दोन मुलांची फी ते दरवर्षी भरतात आणि कुणाला सांगत नाहीत. ते म्हणाले, “तुम्ही अमरावतीचे लोक बडनेऱ्याला उतरता आणि ऑटोवाला मागेल तेवढे देऊन मोकळे होता. त्याला वाटतं, हाच भाव. मग तुमच्यामागून एखादी शिक्षिका पोराला घेऊन उतरते, तिनं काय करायचं? तुमच्या उदारपणाचे पैसे ती भरते.”

हा मुद्दा मला पटला नाही असं म्हणवत नाही. मी न वाचवलेले दहा रुपयेसुद्धा कुणाच्या तरी खिशातून जातातच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. शिवाय ऑटोवाला आधीच घासाघीस धरून वीस वाढवून सांगतो. न घासता दिले तर तो मला सज्जन समजत नाही, बावळट समजतो. आणि बावळट समजला जाऊन केलेला परोपकार कितपत परोपकार, हा प्रश्न आहेच.

तरीही शिक्षिकेचा मुद्दा भाड्याला लागू पडतो, भत्त्याला नाही. भाड्याला बाजार आहे, तिथं ज्याला जमेल त्यानं खुशाल ओढावं. रात्रीच्या थंडीला बाजारभाव नसतो. आमच्या जिल्ह्यात काटकसरीबद्दल बोलताना गाडगेबाबांना वळसा घालून जाता येत नाही. फुटक्या गाडग्यात जेवले, चिंध्या पांघरल्या, आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं परक्या लोकांना निजायला धर्मशाळा बांधल्या. बाबा कापाकापीला आधी स्वतःचं पांघरूण घेत. आम्ही मध्यमवर्गीय ड्रायव्हरचं घेतो आणि संध्याकाळी बाबांच्या समाधीवर नारळ फोडून येतो.

वाद घालून साडू कधी हरलेले नाहीत, म्हणून मी त्यांच्याच भाषेत गेलो. त्यांच्या वहीतले अमेरिकेचे दर घेतले आणि चिखलदऱ्याचं बिल करून त्यांच्यापुढे ठेवलं. रोजचा विमा, तीस. रस्ता दाखवणारं यंत्र, पंधरा. बाळाची खुर्ची, चौदा. एकूण रोजचे एकोणसाठ डॉलर. बॅगा आणि मलम धरलेलं नाही. रुपयांत मांडायला मी धजलो नाही. खाली लिहिलं: प्रत्यक्ष दिले, दोनशे रुपये.

साडूंनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि एकेक ओळ वर-खाली वाचली. मग एका ओळीवर काट मारली.

“बाळाची खुर्ची कापा,” ते म्हणाले. “आपल्याबरोबर बाळ नव्हतं.”

बराच वेळ झाला तरी पेन्सिल बाकीच्या आकड्यांकडे गेली नाही.