अलिप्ततेचे वंगण

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारा, असे दोन थोर रस्ते धुळ्यात एकमेकांस छेदतात. आणि त्या छेदाच्या आश्रयाने तेथे मोटारदुरुस्तीचा जो व्यवसाय वाढला आहे त्यात एखादा प्रहर बसून राहिले असता, कर्म आणि अलिप्तता यांच्या ज्या प्रश्नावर आपल्याकडील भाष्यकारांनी शतकानुशतके लेखणी झिजविली त्याविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा सहसा कोणी करणार नाही. ‘मिस्तरी, कोणतं ऑइल टाकू?’ असे ड्रायव्हर विचारतो, आणि जाणता मिस्तरी डब्याकडे न पाहता उलट विचारतो, ‘कुठं? इंजिनात, गिअरात का हबात?’

तेलाने भाग गुळगुळीत होतात एवढाच सर्वसाधारण समज असतो. १८८३ साली टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनियराने रेल्वेच्या आसांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांनी या समजास पहिला धक्का दिला. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी पाडलेल्या भोकातून, आस फिरू लागताच, तेलच उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले तर ते सरकून बाहेर आले, आणि लाकडी खुंटी ठोकली तर तिचीही तीच गत झाली. रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये गणिताने याचा उलगडा केला: फिरणारा आस आपल्या गतीने तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे दाब उत्पन्न होतो, आणि केसाच्या जाडीचा अल्पांश असलेला तो पडदा सगळा भार आपल्यावर तोलून धरतो. भार तसाच राहतो, काम तसेच चालते, मात्र लोखंडाला लोखंड लागत नाही. आस थांबला की पडदा ओसरतो आणि धातूवर धातू येऊन टेकतो; म्हणूनच रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू करताच रेटणाऱ्या ड्रायव्हरवर मिस्तरी रागावतो.

ज्यांनी कर्माचा त्याग हाच मोक्षाचा राजमार्ग मानला त्यांच्यापुढे ही गोष्ट ठेवावीशी वाटते. स्पर्श टळावा म्हणून जो थांबला तो तर सगळ्या वजनानिशी विषयावर जाऊन बसला; पडदा धरला तो फिरणाऱ्याचा. गीतेच्या पाचव्या अध्यायात संन्यास आणि कर्मयोग हे दोन्ही कल्याणकारक ठरवूनही कर्मयोगास जे झुकते माप दिले आहे, त्याचे मर्म मला येथे सापडते. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी, धुळ्याच्याच तुरुंगात, विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. हे गुरुजी त्यापूर्वी काही काळ अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात वेदान्ताच्या अभ्यासासाठी राहिलेले होते. बाहेरच्या कर्माला आतून चित्ताच्या विशेष कर्माची जोड मिळाली म्हणजे कर्म करूनही न केल्यासारखे हलके होते, असे विनोबांचे प्रतिपादन. आतले हे कर्म कोरडे नसते, आणि आपल्या अनेक विरक्तांची विरक्ती मात्र कोरडी असते, एवढे सांगावयास शास्त्राधार नको.

यावर रास्त आक्षेप असा की, माणूस जितका फिरतो तितका बहुधा घासतोच. त्याचा खुलासाही यंत्रातच आहे. भार फार आणि घसरण जबर असेल तेथे केवळ गतीवर पडदा टिकत नाही. ट्रकच्या डिफरन्शियलमधले दाते एकमेकांवर असे रगडतात की तेथे इंजिनातले ऑइल निरुपयोगी ठरते. त्यासाठीच्या गिअर ऑइलात गंधक-फॉस्फरसाची संयुगे असतात. ती तापलेल्या धातूशी संयोग पावून तिच्यावर एक पातळ थर धरतात, आणि धातूऐवजी तो थर झिजत राहतो. व्रत, नेम, नामस्मरण यांचे प्रयोजन मला असेच दिसते: ज्याचा प्रपंच भारी, त्याला नुसते तत्त्वचिंतन पुरत नाही. पण तेच जहाल ऑइल काही गिअरबॉक्समधल्या पितळी कड्या खाऊन टाकते. चाकाच्या हबाला ग्रीस लागते, म्हणजे साबणाने धरून ठेवलेले तेलच; त्यातही चुन्याच्या साबणाचे जुने ग्रीस शंभर अंशांच्या आतच वितळू लागते, लिथियमचे त्याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसते, आणि वैशाखात जेथे हवाच ४५ अंशांवर जाते त्या खानदेशात, घाटात ब्रेक लावून तापलेल्या हबासाठी कोणते घ्यावे याची तजवीज आधीच करावी लागते. ज्याची जशी योग्यता तशी त्याला साधना, हा अधिकारभेदाचा सिद्धान्त आपल्याकडे जन्मावरून चालविला गेला, हे त्या सिद्धान्ताचे दुर्दैव. मिस्तरी भार, वेग आणि ताप एवढेच पाहतो.

जाता जाता आणखी एक. नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडले की मालक दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतो. वास्तविक काजळी आपल्या अंगावर घेऊन ती धातूवर बसू न देणे हे त्या ऑइलाचे नेमून दिलेले कामच असते. संसारात राहून मळलेल्या माणसांची आपली पारख बहुधा या मालकासारखीच असते.

परंतु गाडीत एक जागा अशी आहे की जेथे वंगणाचा थेंबही गुन्हा ठरतो. हबातले ग्रीस पाझरून ब्रेकच्या लायनरवर आले, आणि गाडी धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा घाट उतरत असली, तर सारे अध्यात्म तेथेच संपले. घर्षण हा दोष आहे असे सरसकट मानणारे तत्त्वज्ञान मला यासाठीच अपुरे वाटते. अन्याय समोर असता ज्याचे मन कशालाच घासत नाही, त्याला आपण समदर्शी म्हणून हार घालतो. विनोबा आणि साने गुरुजी त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात होते ते मात्र सरकारच्या हुकुमापुढे घसरून न जाता तेथे रुतून राहिले, या सबबीवर.