मासा कधीचा आहे?

प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी घरात मटण-कोंबडी बंद आणि मासळी चालू, हा रिवाज आपल्याकडे आजी-आजोबांपासून चालत आलेला आहे. मांसाचा त्याग करायचा आणि मासा खायचा, कारण मासा हे साधे, गरिबाघरचे अन्न. पापलेटचा आजचा भाव ऐकला की हा त्याग कुणाला परवडतो असे मनात येते, पण तो विषय निराळा. आज आम्हाला बोलायचे आहे ते भीतीविषयी. मासा खाल्ल्याने आजार होतो का, असे हल्ली पुष्कळ जण विचारतात. मोबाइलवर रोज एक नवा संदेश येतो. कुणी पाऱ्याचे नाव घेते, कुणी फॉर्मेलिनचे.

मासा हे चांगले अन्न आहे, हे आधी सांगितले पाहिजे. त्यात प्रथिने आहेत, हृदयाला उपकारक चरबी आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गरीब घरांत मटणाचा भाव झेपत नाही तेव्हा सुकट आणि चिलापीच चुलीवर चढते. ज्याचे पोट भरलेले आहे तो भिऊन मासा सोडू शकतो. ज्याचे भरलेले नाही त्याने काय सोडायचे?

पण धोका खोटाही नाही. नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर) समुद्र नाही. किनाऱ्यावरची बाई कल्ला उघडून पाहते, बोटाने दाबून पाहते आणि होडी केव्हा लागली हेही तिला ठाऊक असते. आपल्या श्रीरामपूर-संगमनेरच्या बाजारात येणारा बांगडा घाट चढून, बर्फात रात्र काढून येतो. वाटेत बर्फ वितळला होता का, टोपली उन्हात किती वेळ होती, हे आपल्याला दिसत नाही. 1 जून ते 31 जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत कुणी समुद्राची ताजी मासळी म्हणून ओरडत असेल, तर ती कुठली, हे विचारायला हरकत नाही.

बांगडा, तारली, कुपा असे मासे गरम हवेत राहिले की त्यांच्यात जंतू वाढतात आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते, छातीत धडधडते. लोक म्हणतात, मासा बाधला. मुख्य गोष्ट अशी की हे हिस्टामिन तळून किंवा उकळून जात नाही. जंतू मरतात, विष राहते. ‘चांगला शिजवला की झाले’ या आपल्या समजुतीला इथे आधार नाही. विकत घेणाऱ्याला वासावरून कळेलच असेही नाही. बर्फात मासा राहिला होता की नाही, हे फक्त ज्याच्या हातून तो गेला त्यालाच माहीत असते.

धरणाच्या गोड्या माशाचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. रोहू-कटल्याचे कच्चे पित्त मधुमेहावर किंवा दम्यावर औषध म्हणून गिळणारे लोक आपल्या देशात आहेत. या पित्तात मूत्रपिंड निकामी करणारे विष असते आणि अशा रुग्णांना डायलिसिसवर ठेवावे लागल्याच्या नोंदी आहेत. कुणी कितीही खात्रीने सांगितले तरी हा उपाय करू नये.

जुलै 2018 मध्ये गोव्यात काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला. फॉर्मेलिन म्हणजे ज्यात मृत शरीरे टिकवतात ते द्रव्य, आणि त्यातील फॉर्माल्डिहाइड कर्करोगाला कारण ठरते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. पहिल्या तपासणीत ते सापडले, मग ते मर्यादेत आहे असे सांगण्यात आले, आणि लोकांचा विश्वास उडाला. काही माशांत थोडे फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होते, त्यामुळे वाद अधिकच गुंतला. अखेर सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस थांबवली. ज्या गोव्यात मासळीवाचून जेवण होत नाही, तिथल्या घरांनी ताटातला मासा काढून ठेवला. फॉर्मेलिन किती होते यावर आजही मतभेद असतील. पण कुणाचे खरे मानायचे हेच लोकांना कळेनासे झाले, हे नुकसान आम्हाला त्याहून मोठे वाटते.

पाऱ्याचा विषय निघाला की जपानमधले मिनामाता गाव आठवल्याशिवाय राहत नाही. कारखान्याचा पारा समुद्रात गेला, तिथून माशांत, माशांतून मांजरांत आणि माणसांत. मांजरे आधी वेड्यासारखी नाचून मेली. 1956 मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. 1959 मध्ये कारखान्याच्याच दवाखान्यातील डॉक्टर होसोकावा यांनी सांडपाणी घातलेले अन्न मांजराला देऊन पाहिले आणि त्या मांजरालाही तोच रोग झाला. कंपनीने हे दाबून ठेवले. सांडपाणी 1968 पर्यंत वाहत राहिले. त्या नऊ वर्षांत कोळ्यांच्या घरांत जेवणे होतच होती. मासा विकणाऱ्याला आणि खाणाऱ्याला त्या प्रयोगाचे काही माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते ते गप्प होते.

आपल्याकडे मिनामाता आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. पण नाशिकचे सांडपाणी गोदावरीत येते, ती कोपरगावावरून पुढे जाते, प्रवरासंगमला प्रवरा तिला मिळते, आणि सगळे पाणी नाथसागरात साठते. शेवगाव-नेवाशाच्या कडेने त्या फुगवट्यावर जाळी टाकणारी कुटुंबे आहेत. साखर कारखाने आणि मद्यार्काच्या प्रकल्पांचे मळीचे पाणी नदीत आले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पोट वर करून तरंगतात. ते गोळा करून कुणी विकले, तर दोष कुणाचा? जाळे टाकणाऱ्याचा थोडा आहेच. पण वरच्या गावाने नदीत काय सोडले, याचा हिशेब आपण कधी मागत नाही. आपल्यातले कितीतरी जण त्याच कारखान्यांना ऊस घालतात, तिथे नोकरी करतात. गप्प बसण्याची आपलीही कारणे आहेत.

‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ हा बाजाराचा जुना नियम आहे. भांड्याला तो लागू पडतो, कापडाला पडतो. जिथे पारखायला काही दिसतच नाही, तिथे तो नियम म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक आहे, असे आमचे मत आहे. मुलाने मासा मागितला तर त्याच्या हाती साप देणारा बाप असतो का, असे प्रभू येशूने विचारल्याचे संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. आजच्या बाजारात साप आणि मासा सारखेच दिसतात. म्हणून ज्याला फरक ठाऊक आहे, बोलण्याचे ओझे त्याच्यावर.

इथपर्यंत बोट दुसऱ्याकडे आहे. आता संध्याकाळच्या बाजाराचे बघू. दिवस मावळताना मावशींच्या पाटीत सकाळचे दोन-तीन वाटे उरलेले असतात. बर्फाचे पाणी झालेले असते. आपण तेव्हाच जातो, कारण तेव्हा भाव पडतो, आणि पडलेल्या भावातूनही दहा रुपये कमी करायला लावतो. दुसऱ्यांदा बर्फ विकत घ्यायचा तर तो खर्च कुठून निघायचा? राहिलेला माल फेकला तर दिवसाची कमाई गेली. आपण तिच्याकडून प्रामाणिकपणा मागतो आणि तिच्याजवळ प्रामाणिकपणा परवडेल एवढे पैसे ठेवत नाही.

पुढच्या शुक्रवारी पाटीसमोर उभे राहिल्यावर ‘मावशी, मासा कधीचा आहे?’ असे जरूर विचारावे. ती म्हणाली, ‘आजचा,’ तर काहीच प्रश्न नाही. पण एखादी मावशी खरे बोलेल. ‘कालचा आहे दादा, लहान लेकरांना नका देऊ,’ असे म्हणेल. तेव्हा पिशवी झटकून आपण शेजारच्या पाटीकडे जाणार, की तिच्याजवळचे सुके बोंबील तरी घेणार?