मैदान की घर?

घरात मृत्यू झाला असताना मुलाने खेळायला जावे का? हा प्रश्न फक्त नामवंत खेळाडूंचा नाही. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सरावाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढेही तो कधीतरी उभा राहू शकतो.

१९९९ साली विश्वचषक क्रिकेट स्पर्धेसाठी सचिन तेंडुलकर इंग्लंडमध्ये होता. १९ मे रोजी त्याचे वडील, मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर, मुंबईत वारले. झिम्बाब्वेविरुद्धचा सामना सोडून सचिन घरी आला. आईने त्याला परत जायला सांगितले. २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. शतक होताच त्याने आकाशाकडे पाहिले.

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने वेगळी वाट धरली. जुलै १९९३ मध्ये त्याच्या वडिलांची हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्याने बास्केटबॉल सोडले. पुढच्या वर्षी तो बेसबॉल खेळला. ती वडिलांची इच्छा होती. १९९५ मध्ये तो बास्केटबॉलकडे परतला.

मग वडिलांशी एकनिष्ठ कोण राहिला? दोघेही.

सचिनची जिद्द एकट्याची नव्हती. थोरला भाऊ अजित त्याला आचरेकर सरांकडे घेऊन गेला. सराव जमावा म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. ज्या खेळासाठी सारे घर झटले, त्या खेळाकडे परतणे म्हणजे घराकडे पाठ फिरवणे नव्हे.

मात्र म्हणून प्रत्येकाने चौथ्या दिवशी मैदानात उतरावे, असाही नियम होत नाही. पाहायचे ते एवढेच, की मुलाला कोण पाठवते? पदकाचा मोह, लोकांचा आग्रह, की घरचा आशीर्वाद? सचिन आधी घरी आला आणि आईच्या शब्दाने परतला. स्वतःचे कुंकू पुसले गेले असताना मुलाला दूर धाडणाऱ्या त्या माउलीचा त्याग धावफलकावर दिसत नाही.

आपल्या ओळखीत असा प्रसंग आला, तर लगेच खेळायला गेलेल्या मुलाला नावे ठेवू नका. महिनाभर चेंडूला हात न लावणाऱ्या मुलीला दुबळी समजू नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांचे ऐका आणि निर्णय त्यांना व त्यांच्या घराला घेऊ द्या. दुःख प्रत्येकाचे आपल्या चालीने चालते. त्याला शिट्टी वाजवून पळवता येत नाही.