बेवड

कृष्णाकाठच्या एका गावात दोघे भाऊ होते. रान वाटून झालं, विहीर मात्र सामाईक राहिली. थोरल्याचा वर्षानुवर्षं ऊस, खोडव्यावर खोडवा. धाकटा उसाआधी भुईमुगाचा बेवड धरायचा. त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं, आजीचा धाक होता.

एका वर्षी थोरल्यानं ऊस मोडून भुईमूग पेरला. पण आजीवर त्याचा निम्माच विश्वास, म्हणून वरून युरियाही टाकला, तोही सैल हातानं. 45 किलोच्या पोत्यात जवळपास 21 किलो नत्र असतं. पाला असा माजला की थोरला येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर बोलावून दाखवू लागला.

दीड महिन्यानं आजी आली. तिनं दोन्ही रानांतलं एकेक झाड उपटलं. धाकट्याच्या झाडाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठीच गाठी. थोरल्याच्या मुळ्या जवळजवळ कोऱ्या.

“आज्जे, माझ्या रानात का न्हाईत?”

“आयतं ताट आल्यावर चूल कोण पेटवतंय?”

म्हातारीनं नेमकं सांगितलं होतं. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे अणू जोडीजोडीनं एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला त्याचा उपयोग नाही. ती मिठी सोडवायची युक्ती फ्रिट्झ हाबरला 1909 मध्ये प्रयोगशाळेत साधली, आणि 1913 मध्ये कार्ल बॉशनं जर्मनीत ओप्पाऊला तिचा कारखाना चालू केला. चारशे अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब, तेव्हा कुठे काम होतं. आज माणसांच्या अंगातलं साधारण निम्मं नत्र या भट्टीतून आलेलं आहे, तेव्हा पोत्याला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी आधी आपल्या ताटाकडे बघावं. मुळावरच्या गाठीतले जिवाणू हेच काम मातीच्या उबेत, झाडानं दिलेल्या साखरेच्या मजुरीवर करतात. झाड मोठं हिशेबी. मातीत नत्र फुकट मिळालं, की ते हे मजूर ठेवतच नाही.

आजीनं धाकट्याच्या झाडाची एक गाठ नखानं फोडली. आत लालसर. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच ते द्रव्य.

दसऱ्यानंतर थोरल्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाळ वरच्या दुधावर होतं. पावडर विहिरीच्याच पाण्यात कालवायची. आशाताईंनी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. इथं ते दुपटीच्या वर निघालं.

“मग उकळून देतो की,” थोरला म्हणाला.

आशाताई घाईघाईनं नको म्हणाल्या. उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो आणि अंग निळं पडू लागतं. बाळ ठणठणीत होतं. तरी थोरल्याची लेक कितीतरी वेळ त्याची नखं बघत बसली.

थोरला धाकट्यावर उखडला. “विहीर तुझ्या बांधाला. तुझ्याच रानातनं पाझरतंय.”

धाकटा काही बोलणार, तेवढ्यात आजीनं विचारलं, “इतकी वर्सं तू टाकलेलं सगळं उसानं खाल्लं का रं?”

“खाल्लंच असंल की.”

“मग हिरीत कुणाचं उष्टं आलंय?”

टाकलेल्या नत्रातलं निम्मंही अनेकदा पिकाला लागत नाही. काही वायू होऊन उडतं. उरलेल्याचं नायट्रेट होतं, आणि चिकणमाती त्याला धरून ठेवत नाही. पाटाचं पाणी सोडलं, की ते पाण्याबरोबर खाली.

त्या दिवसापासून बाळाचं पाणी धाकटा गावच्या नळावरून कळशीनं आणू लागला. न बोलता.

पुढच्या पावसाळ्यात थोरल्यानं पुन्हा भुईमूग पेरला, युरियाशिवाय. पहिले काही आठवडे झाडं पिवळट दिसली. त्याचा हात शिवशिवायचा. दोनदा तर तो पोत्यापर्यंत जाऊन आला. विहिरीचं पाणीही अजून सुधारलं नव्हतं. इतक्या वर्षांचं मुरलेलं एका पावसात कसं निघावं?

दीड महिना झाला तसा पहाटेच रानात गेला. एक झाड उपटलं, माती झटकली, गाठ नखानं फोडली. मग धाकट्याच्या बांधावर जाऊन त्यानं हाक मारली. तो येईपर्यंत अंगठा वर धरून उभा राहिला, नखावरचा लाल डाग वाळू नये म्हणून सावलीत.