गुण आणि माणुसकी

गुणी माणसास समाज अखेर न्याय देतो, असें आपण मोठ्या समाधानानें मानतों. क्रिकेटपटु पालवणकर बाळू यांचें चरित्र पाहतां हें समाधान टिकतें काय? अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजास पुण्याच्या हिंदूंनीं संघांत घेतलें, तें गोऱ्यांना हरविण्यासाठीं. मैदानांत त्यांनीं हाताळलेला चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र तंबूबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांतून मिळे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तथापि मुंबईच्या सामन्यांतील हिंदु संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक झाली नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला.

यास कोणी गुणांचा विजय म्हणतील. परंतु आम्हांस शंका येते ती अशी कीं, ज्याच्या हातीं असें कसब नाहीं त्यानें काय करावें? शंभर बळी घेतल्यावर मिळणारी माणुसकी ही बक्षिसी होय. तिला हक्क म्हणतां येणार नाहीं. बाळूंचें स्मरण करतांना वाचकांनीं स्वतःस इतकेंच विचारावें: ज्यानें एकही बळी घेतला नाहीं, त्यास आपण आपल्या पंक्तीस बसविलें असतें काय?